शंभर अंशांच्या पलीकडचं आधण

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर शहरात, उघड्या पातेल्यातलं साधं पाणी कधीच १०० अंशांपर्यंत पोचत नाही. गॅस कितीही मोठा करा, चुलीत कितीही सरपण सारा. आधण ९८ अंशांच्या आसपास खळखळायला लागतं आणि तिथेच थांबतं. मुंबईत समुद्राकाठी तेच पाणी १०० अंशांना उकळतं. आणि नगर जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात कळसूबाईच्या माथ्यावर, त्याला साधारण ९५ अंशांनाच उकळी फुटते.

पाणी तेच, पातेलं तेच, आचही तीच. बदलते ती फक्त डोक्यावरची हवा.

आपण हवेच्या एका अवाढव्य थराच्या तळाशी राहतो. समुद्रसपाटीला या थराचा भार दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ १ किलो असतो. पातेल्यातल्या पाण्याचे कण सतत वर निसटू पाहतात आणि हवा त्यांना दाबून धरते. पाणी तापत जातं तसा कणांचा जोर वाढतो. हा जोर हवेच्या दाबाच्या बरोबरीला आला की पाण्याच्या पोटातच वाफेचे बुडबुडे टिकू लागतात आणि उकळी येते. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे, म्हणून इथे हवेचा भार थोडा कमी आणि उकळीही थोडी लवकर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. बारी गावातून लोखंडी शिड्या चढून देवीच्या देवळापाशी पोचलं की आपण हवेच्या थराचा जवळजवळ सहावा हिस्सा पायाखाली टाकलेला असतो.

आता यातली खरी गंमत पाहा. उकळी एकदा आली की आच वाढवून पाण्याचं तापमान एका अंशानेही वाढत नाही. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, आणि ती काही थोडीथोडकी नसते. १ ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ७५ कॅलरी लागतात. त्याच १ ग्रॅमची वाफ करायला मात्र सुमारे ५४०. म्हणजे सातपट! उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटत ठेवली तर इंधनाचा फार मोठा वाटा डाळीत जातच नाही, तो वाफ होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघून जातो. कळसूबाईवर पातेल्यातली तूरडाळ जोरात उकळताना दिसते आणि तरी दाताखाली कचकचते, ती यामुळेच. बुडबुडे भरपूर, पण तापमान मात्र तेवढंच.

डाळ लवकर शिजवायची असेल तर आच वाढवून भागत नाही, डोक्यावरचा दाब वाढवावा लागतो. आपल्या ओट्यावरचं ते जाड अ‍ॅल्युमिनियमचं किंवा स्टीलचं भांडं नेमकं हेच करतं.

सत्तर ग्रॅमची करामत

कुकरची शिट्टी एकदा हातात घेऊन नीट पाहा. जिला आपण शिट्टी म्हणतो ते खरं तर वजन आहे, मापून केलेलं. झाकणावरच्या बारीक नळीचं तोंड ते बंद करतं. समजा त्या नळीच्या छिद्राचा व्यास ३ मिलिमीटर आहे. म्हणजे क्षेत्रफळ झालं ०.०७ चौरस सेंटिमीटर. त्यावर ७० ग्रॅमचं वजन ठेवलं, तर वाफेला ते उचलायला दर चौरस सेंटिमीटरला १ किलो एवढा दाब लावावा लागेल. आपल्याकडचे बहुतेक घरगुती कुकर याच दाबावर चालतात. छिद्र लहान-मोठं असेल त्या हिशेबाने वजन कमी-जास्त, पण गणित हेच.

मुठीत मावणाऱ्या या वजनाने आत काय घडतं? बाहेरच्या हवेचा दाब अधिक हा १ किलोचा दाब, म्हणजे जवळजवळ दोन वातावरणं. एवढा दाब निसर्गात शोधायचा झाला तर समुद्रसपाटीपासून सुमारे सहा किलोमीटर खोल विहीर खणून तिच्या तळाशी उतरावं लागेल. तिथे पाणी उकळायला १२० अंश लागतील. नगरात बाहेरची हवा थोडी विरळ, म्हणून आपल्या कुकरमध्ये साधारण ११९ अंश. कळसूबाईवर कुकर नेला तर ११७ च्या आसपास. उघड्या पातेल्यात मुंबई आणि कळसूबाई यांच्यात पाच अंशांचं अंतर होतं. कुकरमध्ये ते तीनवर येतं. झाकणाखाली अख्खा डोंगर निम्म्याने उतरतो.

आणि हा दाब फक्त वजनावर पडत नाही. कुकरच्या तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर झाकणाचं क्षेत्रफळ होतं ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे वाफ झाकण वर ढकलत असते ३१४ किलोच्या जोराने. नगरच्या बाजारात ५० किलोच्या सहा कांद्याच्या गोण्या एकावर एक रचाव्यात, एवढा हा भार आपल्या भाताच्या डब्यावरचं झाकण निमूटपणे पेलत असतं, तेही रोज, दोन वेळा. कुकर गरम असताना झाकण उघडायची खटपट का करायची नाही, याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

आत बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये हा जोर फार सुंदर रीतीने वापरला आहे. तिथे झाकण तिरकं करून आत सरकवतात आणि ते तोंडाच्या कडेला आतून टेकतं. वाफेचा दाब जितका जास्त, तितकं झाकण कडेवर जास्त घट्ट बसतं. जो जोर झाकण उडवायला निघालाय, तोच त्याला जागेवर धरून ठेवतो. दाब उतरेपर्यंत ते झाकण आत दाबून मोकळं करणं माणसाच्या हाताला शक्यच नसतं.

शिट्टी होते तेव्हा आत काय होतं

कुकर गॅसवर चढवला की पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. आत मात्र पाणी वाफ होऊ लागलेलं असतं. चहाचा चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिलिलिटर पाणी पूर्ण वाफ झालं तर त्याला आठ लिटरहून जास्त जागा लागते. अख्ख्या पाच लिटरच्या कुकरमध्येही ती मावायची नाही! म्हणून ही पहिली वाफ आधी आतली हवा बाहेर ढकलते. ज्या कुकरची शिट्टी वेगळी काढता येते, त्यात नळीतून वाफेची सलग धार येऊ लागल्यावरच शिट्टी ठेवायची असते. त्याने हवा बाहेर जाते आणि नळी मोकळी असल्याची खात्रीही होते.

मग शिट्टी बसते आणि दाब चढू लागतो. इथे एक नवल घडतं: आतलं पाणी ११० अंशांच्या वर गेलेलं असतं, तरी ते खळखळत नाही. दाबाखाली ते जवळजवळ शांत असतं. ठरलेला दाब आला की वाफ वजन उचलते, फुसांडत बाहेर पडते, आणि आपल्याला शिट्टी ऐकू येते. त्या क्षणभरात आतला दाब एकदम उतरतो. आता पाणी त्या दाबाच्या मानाने जास्तच गरम ठरतं, आणि सगळंच्या सगळं एकाच वेळी उसळून उकळतं. डाळीचा फेस अशा वेळीच वर चढतो आणि नळीतून पिवळं पाणी झाकणावर येतं. वजन पुन्हा खाली बसलं की दाब पुन्हा वाढतो आणि आत पुन्हा शांतता.

एवढं कळलं की स्वयंपाकघरातल्या दोन सवयी आपोआप बदलतात. पहिली: पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी. आतलं तापमान आच ठरवत नाही, वजन ठरवतं. बारीक आचेवरही दाब टिकून राहतो आणि ११९ अंश तसेच राहतात. मोठ्या आचेवर पाठोपाठ शिट्ट्या काढल्या तर डाळ लवकर शिजत नाही, फक्त गॅस आणि पाणी जास्त जातं. दुसरी: शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजावीत. शिट्टी किती वेळाने होईल हे आच, पाण्याचं प्रमाण, कुकरचा आकार, वजनाची अवस्था अशा कितीतरी गोष्टींवर ठरतं. शेजारणीच्या तीन शिट्ट्या आणि आपल्या तीन शिट्ट्या यांचा मेळ बसेलच असं नाही. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर किती मिनिटं, हे माप मात्र कुठल्याही घरात पुष्कळ सारखं पडतं.

डाळ मऊ होते म्हणजे काय

डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. उष्णतेने हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि डाळ गरगट शिजते. २० अंश जास्त मिळाले की हे काम तीन-चार पट वेगाने होतं.

पण पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून बसतं आणि ते सहजी सुटू देत नाही. काळ्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्याची गावं नगर जिल्ह्यात पुष्कळ आहेत. ‘आमच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ ही तक्रार तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, आणि रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने साक्ष देतं. चिंच, आमसूल, टोमॅटो यांच्या आंबटपणानेही पेक्टिन टणक राहतं. म्हणून आमटीची चिंच डाळ शिजून घोटल्यावर घालायची, ही आजीची रीत अगदी बरोबर आहे. डाळ-कडधान्य आधी भिजवावं, शक्य असेल तर गोड्या पाण्यात शिजवावं आणि आंबट शेवटी घालावं.

कडधान्याच्या बाबतीत हा जिल्हा श्रीमंत आहे. शेंगोळ्यांचे आणि माडग्याचे हुलगे, मटकी, अकोल्याकडचे वाल आणि घेवडे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी या घेवड्या-वालांचे गावठी वाण घरच्या बियाणे बँकेत जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जुनं, सुकून कडक झालेलं असलं कडधान्य चुलीवर तासन्‌तास उकळावं लागतं. भिजवून कुकरला लावलं तर तेच काम थोड्या सरपणात, थोड्या गॅसमध्ये होतं. बियाणं जपणारे हात आणि ते शिजवणारी वाफ, दोघांचंही मोल इथे कळतं.

एकाच जिल्ह्यात दाबाचे सगळे खेळ

आता जरा घराबाहेर पडू. प्रवरा नदी अकोले तालुक्यात रतनगडावर उगम पावते. भंडारदऱ्याला तिच्यावर १९२६ साली धरण पुरं झालं आणि कालव्यांचं पाणी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या पट्ट्यात उसाला मिळालं. या उसाच्या जोरावर लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून प्रवरानगरचं नाव घेतलं जातं.

साखर करण्याची रीत कुकरच्या बरोबर उलटी आहे. उसाचा रस उघड्या काहिलीत आटवला तर साखर जसजशी दाट होते तसतशी उकळीही वर सरकते. गूळ उतरवायच्या वेळी पाक ११५ ते ११८ अंशांना पोचलेला असतो, म्हणजे जवळजवळ आपल्या कुकरएवढा. कुकरमध्ये जे काम दाब करतो, ते काहिलीत विरघळलेली साखर करते. पण एवढ्या उष्णतेत रस तांबूस होतो. गुळाला तो रंग शोभतो, साखरेला चालत नाही. मग साखर कारखान्यात काय करतात? रस आटवायच्या बंद पॅनमधली हवा आणि वाफ काढून घेतात. दाब इतका उतरवतात की पाक ६० ते ७० अंशांनाच उकळतो आणि जळायच्या आत त्यात साखरेचे कण धरतात. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१२-१३ च्या सुमारास ही युक्ती शोधली.

आणि ही पोकळी करायची कशी? तर पॅनमधून निघालेली वाफ थंड पाण्याने निवते. आठ लिटर वाफ पुन्हा चमचाभर पाणी होते आणि मागे पोकळी उरते. ही पोकळी खालचं पाणी सुमारे दहा मीटर वर खेचून धरू शकते, म्हणून वाफ निववणारं कंडेन्सर एवढं उंच बसवावं लागतं. आपल्या घरीही हा प्रयोग कधीतरी आपोआप होतो. कुकर पूर्ण थंड झाला आणि झाकण निघेना, तर आतली वाफ निवून तशीच पोकळी झालेली असते. शिट्टी वर उचला, सुस्स करत हवा आत जाईल आणि झाकण सुटेल. स्वयंपाकघरातला तो एक सुस्कारा आणि प्रवरानगरचा अजस्र पॅन एकाच नियमाने चालतात.

तिसरा खेळ शिर्डीचा. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या छपरावर २००९ साली प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ सौर तबकड्या बसवण्यात आल्या. सूर्याबरोबर फिरणाऱ्या या तबकड्या ऊन एका जागी गोळा करून पाण्याची वाफ करतात. दिवसाला सुमारे ३,५०० किलो वाफेची त्यांची क्षमता. ही वाफ नळांनी खाली येते आणि हजारो भाविकांचा वरण-भात शिजवते. वाफ करताना प्रत्येक ग्रॅमला जे ५४० कॅलरीचं देणं द्यावं लागलं होतं, ते वाफ भांड्यावर निवताना पुरतं परत करते. छपरावरचं ऊन तळमजल्यावरच्या भातात असं उतरतं! उघड्या पातेल्यावरून वाया जाणारी वाफ इथे उष्णता वाहून नेण्याचं काम करते. आपल्या कुकरमध्ये डाळीच्या डब्याला लागते तीही अशीच निवती वाफ. म्हणून डब्याबाहेर फक्त तळाशी थोडं पाणी असलं तरी वरच्या डब्यातला भात शिजतो.

इंजिनाच्या आधी कुकर

हे भांडं किती जुनं असेल? ते वाफेच्या इंजिनापेक्षाही जुनं आहे. डेनिस पापिन हा फ्रेंच शास्त्रज्ञ लंडनमध्ये काम करत असताना त्याने १६७९ साली जाड भिंतींचं, घट्ट झाकणाचं भांडं केलं. कडक हाडं त्यात मऊ होत. अशी भांडी फुटण्याचा धोका होता, म्हणून त्याने झाकणाला एक छिद्र ठेवलं आणि दांडीला वजन लावून ते दाबून धरलं. दाब हद्दीबाहेर गेला की वजन उचललं जाई. आपल्या शिट्टीचा हा थेट पूर्वज. एप्रिल १६८२ मध्ये पापिनने रॉयल सोसायटीच्या सदस्यांना या भांड्यात शिजवलेलं जेवण दिलं, आणि जॉन इव्हलिनने ते आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवलं. झाकण उचलू पाहणारी वाफ दट्ट्याही उचलेल, या विचाराने १६९० साली पापिनने वाफेवर चालणाऱ्या दट्ट्याचा नमुना केला. आगगाडीकडे जाणारा रस्ता स्वयंपाकाच्या भांड्याजवळून गेला आहे.

तोच रस्ता दवाखान्याकडेही गेला. साध्या उकळीत काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. १८७९ साली पाश्चरचा सहकारी चार्ल्स शांबरलां याने पापिनच्या भांड्याच्या धर्तीवर ऑटोक्लेव्ह केलं. आजही शस्त्रक्रियेची हत्यारं १२१ अंशांच्या वाफेत १५ मिनिटं वगैरे ठेवून निर्जंतुक करतात. म्हणजे जवळपास आपल्या वरण-भाताचंच तापमान!

आपल्याकडे १९१० साली कोलकात्यात इंदुमाधव मल्लिक यांनी इक्मिक कुकर काढला. एकावर एक डबे रचून ते मंद वाफेवर शिजवायचे, ही त्याची कल्पना; पण त्यात दाब नव्हता. दाबावर चालणारे कुकर देशात तयार होऊ लागले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस. मुंबईत हॉकिन्सची सुरुवात १९५९ ची. साठ-सत्तर वर्षांत हे भांडं लग्नाच्या रुखवतापासून ऊसतोड कामगाराच्या कोपीपर्यंत पोचलं.

सांभाळायचं ते हेच

एवढं सगळं पाहिल्यावर कुकरची निगा म्हणजे नियमांची यादी उरत नाही. प्रत्येक गोष्टीचं कारण आपल्याला माहीत असतं.

सगळ्यात आधी नळी. दाबाचा सगळा हिशेब त्या बारीक छिद्रावर उभा आहे. ते डाळीच्या सालाने बुजलं तर वजन कितीही नेमकं असून उपयोग नाही. म्हणून कुकर लावण्याआधी दर वेळी झाकण उजेडाकडे धरून नळीतून पाहावं. आरपार उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर बारीक तारेने साफ करून, पाणी सोडून पुन्हा पाहावं. शिट्टीही आतून धुवावी. तिच्यात डाळीचा राप बसला की ती नीट उचलली जात नाही.

मग भरताना जागा सोडणं. भाजी असेल तर कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नये; भात, डाळ, कडधान्य थेट कुकरमध्ये शिजवताना निम्म्याच्या वर नाही. शिट्टीच्या क्षणी सगळं उसळतं, ते आपण पाहिलंच. डाळीत तेलाचे दोन थेंब टाकले की फेस कमी येतो. तळाशी पाणी हवंच. पाणी संपलं तर वाफ नाही, आणि तापमानाला आवर घालणारं काहीच उरत नाही.

असं झालंच, तर सेफ्टी व्हॉल्व्ह मदतीला येतो. पुष्कळ कुकरमध्ये त्यात लवकर वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. कुकर कोरडा पडून तापला किंवा नळी बुजून दाब चढला की तो धातू वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. आगगाडीच्या बॉयलरमध्येही असाच वितळणारा खिळा असे. व्हॉल्व्ह उडाला म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं. आता नळी का बुजली, पाणी का संपलं ते शोधावं आणि त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवावा. त्या जागी दुसरं काही ठोकून बसवणं म्हणजे घराला असलेलं शेवटचं संरक्षण काढून घेणं.

रिंग रबराची, आणि रबर उष्णतेने हळूहळू कडक होतं. रिंग ताठ झाली, चिरली, सैल पडली किंवा कडेने वाफ येऊ लागली की बदलावी. काम झाल्यावर काढून धुवावी, पुसावी आणि सपाट ठेवावी. झाकण लावून कुकर मांडणीवर ठेवू नये. रिंग दबून राहते आणि आत कुबट वासही धरतो.

उघडताना घाई नको. गॅस बंद केला की कुकर पडायची वाट पाहावी. आतली उष्णता तेवढ्या वेळात शिजवतच असते, म्हणून गॅस दोन मिनिटं आधी बंद केला तरी चालतं. मग शिट्टी हलकेच उचलून पाहावी. सुस्स आवाज आला तर अजून थांबावं. आवाज नाही, झाकण सहज फिरतंय किंवा सरकतंय, तरच उघडावं, आणि तेही तोंड बाजूला ठेवून. कुकर गरम असताना जोर लावावा लागतोय म्हणजे आत दाब आहे. कांद्याच्या सहा गोण्यांतल्या काही अजून उतरायच्या आहेत.

अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो, तो जड पाण्यातल्या क्षारांमुळे. डबे ठेवायच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचा तुकडा टाकला की तळ उजळ राहतो. चिंच-टोमॅटोचे आंबट पदार्थ मात्र अ‍ॅल्युमिनियममध्ये शिजवून तसेच ठेवू नयेत.

आणि नवा कुकर घेताना आयएसआयचं चिन्ह पाहावं. घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक आहे आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ते देशात सक्तीचं झालं आहे. दाब सोसण्याच्या आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या चाचण्या त्यात येतात. स्वस्तातली बिनचिन्हाची शिट्टी, भलत्याच मापाची रिंग घेऊ नये. वजन पाच-दहा ग्रॅमने चुकलं तरी आतलं सगळं गणित चुकतं.

कुकरचा धाक अनेक घरांत असतो. शिट्टी झाली की मुलांना ओट्यापासून दूर हाकलतात, नव्या सुनेला झाकण उघडू देत नाहीत. आपण मुलांना गरम कुकरपासून लांब ठेवूच, पण कुकर थंड असताना त्यांना जवळ बोलवावं. शिट्टी त्यांच्या हातात द्यावी, घरच्या छोट्या काट्यावर तोलायला सांगावी. नळीच्या छिद्राचा व्यास पट्टीने मोजून त्यांनीच दाब काढावा, झाकणाचं क्षेत्रफळ काढावं आणि त्याला या दाबाने गुणावं. सातवी-आठवीतल्या मुलाला हे गणित येतं. उत्तर शेकड्यांत आलं की त्याचे डोळे विस्फारतील, आणि मग झाकण कधी उघडायचं हे त्याला कोणी सांगावं लागणार नाही.